फिल्टर आधी, पंखा नंतर

वाचकाचे पत्र

मुलुंड पूर्वेला एका गृहनिर्माण संस्थेत दुसऱ्या मजल्यावर आमची सदनिका आहे. मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यापासून रिकाम्या असलेल्या 10 फूट लांब, 10 फूट रुंद आणि 9 फूट उंच खोलीत पत्नी आणि मी रॅक लावून एलईडी दिव्यांखाली मायक्रोग्रीन्स (कोवळी खाद्य रोपे), इटालियन तुळस आणि पुदिना घेतो व जवळच्या उपाहारगृहांना देतो. दिवे एकूण 480 वॅटचे आहेत. तुळशीला आणि पुदिन्याला मासळीचे द्रव खत घालतो. उकाडा आणि वास यांवर उपाय म्हणून 400 सीएफएम (म्हणजे मिनिटाला इतके घनफूट हवा) लिहिलेला, पाइपच्या मध्ये बसणारा 6 इंची इनलाइन पंखा आणि 200 सीएफएम लिहिलेला 4 इंची कार्बन फिल्टर विकत घेतला. मापे जुळेनात म्हणून मोठे तोंड लहानाला जोडणारा रिड्यूसर लावला, पुढे 4 इंची लवचिक पाइप 5 मीटर नेला आणि ड्राय बाल्कनीत त्याच्या टोकाला फिल्टर बसवला. तिथून हवा इमारतीच्या डक्टमध्ये जाते. पंखा पूर्ण वेगाने चालवला तर फार आवाज करतो आणि वास जात नाही. वेग कमी केला तर खोली तापते. वरच्या मजल्यावरून तक्रार गेली असून व्यवस्थापन समितीचे पत्र आले आहे. दुकानदार 8 इंची पंखा घ्या म्हणतो. घ्यावा का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

8 इंची पंखा घेऊ नये. आपण दिलेल्या तपशिलावरून मला असे दिसते की या सगळ्या मांडणीत आपला पंखा हीच बहुधा योग्य मापाची वस्तू आहे आणि चूक त्याच्या पुढच्या प्रत्येक टप्प्यावर आहे: पाइप अरुंद आहे, फिल्टर लहान आहे, तो चुकीच्या टोकाला आहे, आणि ज्या वासासाठी तो घेतला त्यातील एक भाग त्याला धरता येणारच नाही. मोठा पंखा याच फिल्टरमधून आणखी वेगाने हवा ढकलेल, त्यामुळे वास कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता अधिक आहे. दुकानदाराचा सल्ला फसवणुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. त्याच्यासमोर हवा कमी येते एवढीच तक्रार होती आणि त्या तक्रारीला पंख्याचे दुकान पंख्यानेच उत्तर देणार.

या कामात निवडीचा क्रम सर्वांत महत्त्वाचा असतो. खोलीला ताशी किती हवा लागते हे आधी ठरवावे. तेवढी हवा सावकाश जाऊ देईल असा फिल्टर त्यानंतर निवडावा. फिल्टरच्या तोंडाला साजेसा पाइप घ्यावा. आणि या सर्वांचा मिळून जो अडथळा होईल त्याच्याविरुद्ध तेवढी हवा देऊ शकणारा पंखा शेवटी पाहावा. बहुतेक जण नेमके उलट करतात, कारण पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोठा आणि ठळक असतो.

आता आपल्या खोलीचा हिशेब पाहू. 10 गुणिले 10 गुणिले 9 म्हणजे 900 घनफूट, अर्थात सुमारे 25.5 घनमीटर. दिव्यांनी घेतलेली जवळजवळ सारी वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. पानांत साठणारा वाटा नगण्य असतो. त्यातील काही उष्णता पाने बाहेर टाकत असलेल्या पाण्याच्या वाफेबरोबर जाते आणि काही भिंतींतून झिरपते, परंतु हिशेब सुरक्षित बाजूला राहावा म्हणून पूर्ण 480 वॅट धरावेत. ताशी एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे 0.33 वॅट लागतात. म्हणून खोली बाहेरच्या हवेपेक्षा 4 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापू नये अशी अपेक्षा असेल, तर 480 भागिले 0.33 आणि त्याला पुन्हा भागिले 4, म्हणजे ताशी सुमारे 360 घनमीटर हवा लागेल. एक सीएफएम म्हणजे ताशी 1.7 घनमीटर, म्हणून हे सुमारे 215 सीएफएम झाले. 5 अंशांची वाढ चालत असेल तर 170 सीएफएम पुरतात. 215 सीएफएमने खोलीतील हवा तासाला सुमारे 14 वेळा बदलली जाते, आणि रोपांना लागणारा कार्बन डायऑक्साइड पुरवायला ही अदलाबदल पुरेशीहून अधिक आहे.

आपण कदाचित असा नियम वाचला असेल की खोलीतील सगळी हवा दर मिनिटाला एकदा बदलली पाहिजे. त्या नियमाने आपल्याला 900 सीएफएम लागतील आणि मग 8 इंची पंखाही अपुराच ठरेल. हा नियम रोपे वाढवण्याच्या लहान तंबूत 600 किंवा 1,000 वॅटचे सोडियम दिवे लावणाऱ्यांच्या सवयीतून आला आहे. तिथे थोड्या जागेत प्रचंड उष्णता असते. तो एलईडीच्या रॅकला तसाच लावला तर गरजेच्या चौपट हवा फिरते, चौपट हवा गाळावी लागते आणि शेजाऱ्यांना पंख्याचा आवाज फुकट ऐकावा लागतो. खोलीच्या आकारमानावरून नव्हे, तर दिव्यांच्या वॅटवरून हवा मोजावी, हेच मला सरळ वाटते.

फिल्टरकडे थोडे सविस्तर पाहावे लागेल. या फिल्टरमध्ये दोन जाळीदार नळकांड्यांच्या मध्ये सक्रिय कोळशाचा थर भरलेला असतो. चांगला कोळसा बहुधा नारळाच्या करवंटीचा असतो, कारण तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रांचे प्रमाण मोठे असते. वासाचे रेणू त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटून राहतात. चिकटण्यासाठी त्यांना वेळ मिळावा लागतो, आणि तो वेळ हवेच्या वेगावर अवलंबून असतो. समजा एका फिल्टरची लांबी 50 सेंटीमीटर, कोळशाच्या थराची जाडी 4 सेंटीमीटर आणि थराच्या मध्यावरचा व्यास 20 सेंटीमीटर आहे. त्यातून ताशी 360 घनमीटर हवा गेली तर ती थरात सुमारे 0.12 सेकंद राहते. आता आपल्या फिल्टरसारखा, 30 सेंटीमीटर लांबीचा आणि मध्यावर 14 सेंटीमीटर व्यासाचा फिल्टर घ्या. तेवढीच हवा त्याच जाडीच्या थरात जेमतेम 0.05 सेकंद थांबते. घरगुती मापाच्या फिल्टरसाठी एक दशांश सेकंद ही किमान मर्यादा धरणे शहाणपणाचे असते. 8 इंची पंख्याने हवा दुप्पट केली तर हा वेळ पुन्हा निम्मा होईल, हे आपल्याच लक्षात येईल.

फिल्टरवर लिहिलेली संख्या ही त्याची कमाल मर्यादा असते. ती गाठलीच पाहिजे असे मुळीच नाही. आपली गरज 215 सीएफएम आणि फिल्टर 200 चा, म्हणजे तो कागदावरसुद्धा तोकडा आहे. मी आपल्याला 6 इंची तोंडाचा, 300 ते 400 सीएफएम लिहिलेला फिल्टर घ्यायला सांगेन. मोठ्या फिल्टरचा अडथळा कमी, हवा थांबण्याचा वेळ जास्त आणि आयुष्यही अधिक. त्याचा तोटा म्हणजे किंमत आणि वजन. कोळशाचे हे नळकांडे चांगलेच जड असते. ते पीओपीच्या फॉल्स सीलिंगला टांगण्याचा मोह टाळून स्लॅबमध्ये अँकर फास्टनर मारून, दोन पट्ट्यांवर टांगावे. खरेदी करताना फिल्टर हलवून पाहावा. आत खडखड ऐकू आली तर कोळसा सैल भरलेला आहे, आणि आडवा टांगल्यावर तो खाली बसून वर पोकळी राहील. हवा सर्वांत सोपी वाट शोधते, म्हणून त्या पोकळीतून ती न गाळताच निघून जाते. थराची जाडी विचारून घ्यावी आणि जाडी सांगता न येणाऱ्या विक्रेत्याकडून फिल्टर घेऊ नये.

पाइपचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि आपल्या पत्रात तो एका वाक्यात येऊन गेला आहे. ताशी 360 घनमीटर हवा 6 इंची पाइपमधून सेकंदाला साडेपाच ते सहा मीटर वेगाने जाते. 4 इंची पाइपमधून तीच हवा न्यायची तर वेग पावणेतेरा मीटर लागतो. घर्षणाने होणारी दाबाची हानी वेगाच्या वर्गाबरोबर वाढते आणि अरुंद पाइपमध्ये भिंत हवेच्या जवळही असते, त्यामुळे व्यास दीडपट केल्यावर त्याच प्रवाहासाठी घर्षण सात पटींहूनही अधिक घटते. आपला 5 मीटरचा लवचिक पाइप आणि त्यातील दोन-तीन वळणे धरून मी ढोबळ आकडेमोड केली, तर 6 इंची मापात सुमारे 70 पास्कल (दाबाचे एकक) आणि 4 इंची मापात 400 पास्कलच्या पुढे अडथळा येतो, आणि यात फिल्टर अजून धरलेलाच नाही. या वर्गातील पुष्कळ इनलाइन पंखे 300 ते 500 पास्कलच्या दरम्यान पूर्णपणे गुदमरतात, म्हणजे पाते फिरत राहते पण हवा जवळजवळ जात नाही. रेल्वेच्या पुलाचे जिने दोन्ही बाजूंना कितीही रुंद असले, तरी मधला पूल अरुंद असला की गर्दी त्या पुलाच्याच मापाने पुढे सरकते. रिड्यूसर लावल्यावर आपल्या 6 इंची पंख्याचे तेच झाले आहे. आपल्याला ऐकू येणारा आवाजही मोठ्या प्रमाणात या कोंडलेल्या हवेचा आहे.

तेव्हा पंख्यापासून बाहेरच्या तोंडापर्यंत सरसकट 6 इंची पाइप घालावा. जिथे सरळ लांबी आहे तिथे पीव्हीसी किंवा जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) गुळगुळीत पाइप, आणि केवळ पंख्याच्या दोन्ही अंगांना हादरे पुढे जाऊ नयेत म्हणून थोडा लवचिक पाइप, अशी रचना उत्तम. लवचिक पाइप पूर्ण ताणून बसवावा; अर्धवट दाबलेल्या पाइपच्या वळ्या हवा अडवतात. जास्तीचा पाइप पुढे उपयोगी पडेल म्हणून गुंडाळून ठेवण्याची सवय आपल्याकडे फार आहे, ती इथे महागात पडते. दक्षिण मुंबईत नागदेवी स्ट्रीटला क्लॅम्प, पाइप आणि जोड मिळतात. पंख्यासाठी तिथलाच लोहार चाळीचा बाजार आहेच, पण पंखा घेण्याची वेळ येऊ नये.

आता पंखा. खोक्यावरील 400 सीएफएम हा आकडा पंख्यासमोर काहीही नसताना, म्हणजे शून्य स्थिर दाबाला मोजलेला असतो. फिल्टर आणि पाइप लावल्यावर तो आकडा कधीच मिळत नाही. किती मिळेल ते उत्पादकाच्या आलेखावर दिसते, ज्यात एका अक्षावर हवा आणि दुसऱ्यावर पास्कल असतात. आपल्यासाठी पाइपचे 70, मोठ्या फिल्टरचे साधारण 100, आणि पूर्वफिल्टर (फिल्टरवरचे धूळ अडवणारे कापड) धुळीने भरल्यावर व आत येणाऱ्या हवेच्या वाटेत मिळून आणखी 30 असे धरले, तर 200 पास्कलला 360 घनमीटर देणारा पंखा हवा. फिल्टरचा खरा अडथळा त्याच्या माहितीपत्रकातून घेऊन या बेरजेत बसवावा. 400 सीएफएमचे, म्हणजे ताशी 680 घनमीटरचे बरेच इनलाइन पंखे या बिंदूच्या आसपास पोहोचतात. आपल्या पंख्याचा आलेख एकदा तपासावा आणि तो पोहोचत असेल तर पैसे वाचले. ज्या पंख्याचा आलेख मिळतच नाही, तो फिल्टरच्या कामासाठी घेऊ नये. स्वयंपाकघरातील पंख्यासारखा सपाट पात्यांचा एक्झॉस्ट फॅन तर या कामाला अजिबात चालत नाही, कारण तो हवा भरपूर हलवतो पण अडथळ्याविरुद्ध दाब निर्माण करू शकत नाही.

वेग कमी केल्यावर खोली का तापते, याचेही उत्तर इथेच आहे. पंखा 60 टक्के वेगाने फिरवला तर हवा 60 टक्क्यांवर येते, परंतु त्याची दाब देण्याची क्षमता 36 टक्क्यांवर घसरते. आधीच 4 इंची पाइपशी झुंजणाऱ्या पंख्याकडे मग काहीच शिल्लक राहत नाही. अडथळा कमी केल्यावर हाच पंखा 75-80 टक्के वेगावर आपली गरज भागवेल अशी मला आशा आहे, आणि तेव्हा आवाजातला फरक जाणवण्याइतका असेल. वेगनियंत्रक मात्र पंख्याबरोबर आलेलाच वापरावा. छताच्या पंख्याचा रेग्युलेटर लावला तर मोटर गुणगुणते आणि तापते.

फिल्टर ड्राय बाल्कनीतून काढून खोलीत आणावा आणि छताजवळ, दिव्यांच्या वरच्या पातळीवर टांगावा. त्यातून हवा ओढली जाईल असा पंखा त्याच्यापुढे, आणि पंख्यापुढे बाहेर जाणारा पाइप असावा. याचा पहिला फायदा असा, की पाइपमध्ये शिरणारी हवा आधीच गाळलेली असल्यामुळे पुढे एखादा जोड गळका असला तरी वास सुटत नाही. सध्या आपला पंखा न गाळलेली हवा 5 मीटर पाइपमधून दाबाने ढकलतो आणि प्रत्येक सैल क्लॅम्पमधून ती घरात व ड्राय बाल्कनीत सुटते. दुसरा फायदा म्हणजे फिल्टरवर बाहेरून चढवलेला कापडी पूर्वफिल्टर खरोखर उपयोगी पडतो. हवा आतून बाहेर ढकलली तर कोकोपिटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) धूळ थेट कोळशात जाऊन बसते आणि ते कापड नुसते शोभेला राहते.

तिसरा फायदा खास मुंबईचा आहे. जून ते सप्टेंबर आपल्या हवेतील आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या वर असते. आर्द्रता 60-70 टक्क्यांच्या पुढे गेली की पाण्याचे रेणूच कोळशाची छिद्रे अडवू लागतात आणि वासाच्या रेणूंना जागा कमी पडते. थंड आणि कोरड्या देशांत बसून लिहिलेल्या सल्ल्यांत या गोष्टीला फारसे महत्त्व नसते. आपल्याकडे मात्र पावसाचे तुषार अंगावर घेत बाल्कनीत लटकणारा फिल्टर अर्धा मेलेलाच समजावा. खोलीत, दिव्यांच्या वर त्याची स्थिती वेगळी होते. बाहेर 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असताना तीच हवा आत येऊन 32 अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता 67-68 टक्क्यांवर उतरते. रोपे त्यात थोडी वाफ मिसळतात, परंतु हवा व्यवस्थित फिरत असेल तर ती भर फार मोठी नसते. दिवे बंद असताना हा लाभ मिळत नाही. त्या वेळी पंखा अगदी मंद ठेवावा, म्हणजे ओलसर हवा कोळशातून कमी जाईल आणि जी जाईल तिला थांबायला वेळही जास्त मिळेल. यासाठीही फिल्टर गरजेपेक्षा मोठा असणे फायद्याचे आहे.

इतके करूनही एक वास उरेल, आणि तो मासळीच्या खताचा असेल. तुळस आणि पुदिन्याचा सुगंध तसेच ओल्या कोकोपिटचा कुबट, मातकट वास सक्रिय कोळसा उत्तम धरतो. अमोनिया आणि माशांच्या वासातील अमाइन वर्गातील हलकी संयुगे मात्र साध्या कोळशाला नीट चिकटत नाहीत. त्यासाठी फॉस्फोरिक आम्लासारखा लेप दिलेला वेगळा कोळसा लागतो. तो शोधत बसण्याऐवजी खतच बदलावे असे माझे स्पष्ट मत आहे. मायक्रोग्रीन्स बियाण्यातील साठ्यावरच वाढतात, त्यांना खत जवळजवळ लागत नाही. तुळशीला आणि पुदिन्याला चांगले कुजलेले गांडूळखत किंवा पाण्यात विरघळणारी खते चालतील. हा बदल पंखा, पाइप आणि फिल्टर यांना हात लावण्याआधी करावा, कारण त्याला खर्च नाही आणि समितीच्या तक्रारीतील मोठा भाग कदाचित त्यानेच मिटेल. वास दडपण्यासाठी खोलीत उदबत्ती किंवा सुगंधी फवारे वापरू नयेत, कारण त्यांचे रेणू कोळशाची जागा विनाकारण खातात. ओझोन सोडणारी यंत्रे तर टाळावीतच. ओझोन फुप्फुसांना आणि पानांना सारखाच अपायकारक असतो.

जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच आत यावी लागते, ही गोष्ट पुष्कळ खोल्यांमध्ये राहून जाते. 215 सीएफएम हवा 6 इंची भोकातून आत घ्यायची तर तीही साडेपाच मीटर वेगाने ओढावी लागेल आणि पंख्यावर विनाकारण भार पडेल. दाराच्या खालच्या भागात किंवा खिडकीच्या तळाशी एक फूट लांब, एक फूट रुंद जाळीची वाट ठेवली तर वेग सेकंदाला एका मीटरच्या आसपास राहतो. ती वाट जमिनीलगत आणि फिल्टरच्या विरुद्ध भिंतीला असावी, म्हणजे थंड हवा रॅकमधून फिरत वर जाईल. तिच्यावर डासांची जाळी लावल्यास क्षेत्र थोडे वाढवावे.

बसवून झाल्यावर दोन परीक्षा कराव्यात. दार किंचित उघडून फटीशी उदबत्तीचा धूर धरावा. तो आत ओढला गेला पाहिजे, सगळ्या उंचीवर. बाहेर आला तर खोलीतून वास निसटत आहे. (उदबत्तीचा एवढाच उपयोग मला मान्य आहे.) दुसरी परीक्षा हवा मोजण्याची: 200 लिटरची कचऱ्याची मोठी पिशवी चपटी करून पाइपच्या बाहेरच्या तोंडावर घट्ट धरावी आणि ती भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर चित्रित करून पाहावे. दोन सेकंदांत भरली तर ताशी 360 घनमीटर मिळत आहेत. ही पद्धत प्रयोगशाळेची नसली तरी खोक्यावरच्या आकड्यापेक्षा पुष्कळ विश्वासार्ह आहे.

मे महिन्याबद्दल आपण विचारलेले नाही, तरी लिहितो, कारण पंख्याने खोली बाहेरच्या हवेपेक्षा थंड कधीच होत नाही. दुपारी बाहेर 34 अंश असतील तर आत 38 होणारच, आणि मुलुंडला समुद्रकाठच्या भागापेक्षा ऊन जास्तच लागते. उन्हाळ्यात दिवे संध्याकाळी सातला लावून सकाळी नऊला बंद करावेत. तुळशीला 14 तासांचा प्रकाश मिळेल आणि उष्णता रात्रीच्या हवेवर निघून जाईल. एसी लावण्याचा विचार असेल तर मात्र ही सारी मांडणी बदलते. 33 अंशांची दमट हवा ताशी 360 घनमीटर आत घेऊन ती 26 अंशांपर्यंत थंड आणि कोरडी करायला सुमारे 3 किलोवॅट शीतनक्षमता लागते, म्हणजे एका टनाचा एसी जवळजवळ केवळ त्या हवेवरच खर्ची पडतो. एसी असेल तेव्हा फिल्टर आणि पंखा पाइपशिवाय खोलीतच चालवून तीच हवा पुन्हापुन्हा गाळावी आणि 40-50 सीएफएम एवढीच हवा बाहेर सोडावी. एसीने हवा कोरडी होते, त्यामुळे कोळसाही जास्त काम करतो.

राहिला प्रश्न समितीचा. सध्या आपली हवा डक्टमध्ये जाते. या उभ्या पोकळीत उबदार हवा वर चढते आणि वरच्या प्रत्येक मजल्याच्या न्हाणीघराची खिडकी तिच्यातच उघडते. तक्रार वरूनच का आली याचे दुसरे स्पष्टीकरण मला दिसत नाही. बाहेरचे तोंड डक्टमधून काढून मोकळ्या बाजूच्या खिडकीत न्यावे. भिंत किंवा बीम कोरू नये. खिडकीची एक काच काढून तिथे अ‍ॅक्रिलिकचा तुकडा बसवून त्यात 6 इंची भोक घ्यावे, बाहेर खाली वळलेले तोंड लावावे म्हणजे पाऊस आत येणार नाही. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषणाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल आहे. उन्हाळ्यात दिवे रात्री लावणार असाल तर पंखा रबरी पट्ट्यांवर टांगून आणि पुढे ध्वनिशोषक नळी लावून आवाज आधीच आटोक्यात आणावा.

देखभालीचे काम थोडे आहे. नवा फिल्टर बसवण्यापूर्वी त्याची काळी भुकटी गच्चीवर झटकावी. पूर्वफिल्टर महिन्यातून एकदा धुवावा आणि पूर्ण वाळल्यावरच चढवावा. दोन ऋतूंनंतर वास परत येऊ लागला तर कोळसा बदलावा. तो उन्हात ठेवून ताजा करता येतो हा समज चुकीचा आहे. उन्हाने त्यातील पाणी जाते, चिकटलेले वासाचे रेणू सोडवायला कित्येक शे अंश तापमान लागते.

समितीला लेखी उत्तर काम सुरू करण्यापूर्वीच द्यावे. त्यात खत बदलल्याची तारीख, पाइप डक्टमधून काढून खिडकीत नेणार असल्याचे आणि भिंतीला हात लावणार नसल्याचे नमूद करून परवानगी मागावी, आणि काम झाल्यावर वरच्या मजल्यावरील तक्रारदार शेजाऱ्यांना त्यांच्याच न्हाणीघराच्या खिडकीशी वास येतो का, हे पाहून समितीला कळवण्याची विनंती करावी.